आठ शून्यांची चिठ्ठी

ते मोठं घड्याळ मला मिळायला हवं होतं. हे मी वीस वर्षं म्हणत आलो आहे. ज्याला पटलं नाही त्याच्याशी भांडलोही आहे. बायको म्हणते, आता तरी गप बसा. पण गेल्या हंगामात जे झालं त्याबद्दल बाजारात लोक आपापल्या सोयीने बोलतात, तेव्हा मीच एकदा लिहून टाकतो.

घड्याळ आबांचं. आबा म्हणजे मालवणच्या बाजारातले घड्याळजी, माझे गुरू. त्यांच्या दुकानात समोरच्या भिंतीवर पुरुषभर उंचीची काचेची पेटी होती आणि आत पितळी लंबक. आम्ही त्याला नुसतं 'मोठं घड्याळ' म्हणायचो. बाजारातले निम्मे लोक दुकानाच्या दारात उभं राहून, आत न येताच, त्यावर आपलं मनगटी घड्याळ लावून पुढे जायचे. आबांना त्याचं काही वाटत नसे. मला वाटायचं. फुकट वेळ नेतात, निदान पट्टा तरी बदलून घ्यावा.

सकाळी आठच्या बातम्यांआधी रेडिओवर पिप पिप वाजायचं. शेवटच्या पिपला आबा मोठ्या घड्याळाच्या सेकंद काट्याकडे बघायचे आणि पेटीच्या आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने आकडा लिहायचे. दोन पुढे. तीन मागे. काट्यांना ते कधी हात लावत नसत. आठवड्याने लंबकाखालची छोटी चाकी अर्धा फेरा फिरवायचे आणि पेटी बंद करायचे. मला हे कधी समजलं नाही. घड्याळ तीन सेकंद मागे आहे हे डोळ्यांना दिसतंय, मग काटा पुढे सरकवायला अडचण काय?

दुकानात शिकायला आम्ही दोघे होतो. मी इथलाच, वडिलांची रापणीच्या मासेमारीत पाती, म्हणजे वाटा, घरात खाणारी तोंडं सात. दुसरा मसुऱ्याचा, भात आणि काजू करणाऱ्या घरातला. त्याला मी तेव्हापासून 'मसुऱ्याचा' म्हणतो आणि आजही म्हणणार. माझा हात त्याच्या दुप्पट वेगाने चालायचा. मी दिवसाला आठ घड्याळं उघडून साफ करून बंद करायचो, त्याची चार व्हायची. गिऱ्हाइकाशी बोलणं माझ्याकडे, भाव ठरवणं माझ्याकडे. तो खाली मान घालून, डोळ्याला भिंग लावून बसलेला असायचा. तरी आबा दुपारी चहा आला की पहिला कप त्याच्यासमोर सरकवायचे. एवढीशी गोष्ट. पण रोजची.

एकदा आबा आठ दिवसांसाठी देवगडला लेकीकडे गेले. मोठं घड्याळ माझ्या स्वाधीन करून गेले. मी ते असं सांभाळलं की त्यांच्या नंतर कुणी सांभाळलं नसेल. रोज पिप वाजलं की काटा बरोबर जागेवर आणायचा आणि चिठ्ठीवर शून्य लिहायचं. आठ दिवस, आठ शून्यं. आबा परत आले, पेटी उघडली, चिठ्ठी वाचली, घडी घालून खिशात ठेवली. शाबास म्हणाले नाहीत. पुढच्या वर्षी ते पुन्हा गेले, तेव्हा घड्याळ मसुऱ्याच्याकडे. त्याने आठ दिवस नुसते आकडे लिहिले. दोन, चार, सहा, आठ. परत आले तेव्हा घड्याळ सोळा सेकंद मागे होतं आणि आबा त्याला म्हणाले, "बरा केलंस."

सोळा सेकंद मागे, आणि बरा केलंस. मी त्या दिवशी हातातला चिमटा इतक्या जोरात आपटला की त्याचं टोक वाकलं.

नजर गेली तेव्हा आबांनी दुकान बंद केलं. तोवर मनगटी घड्याळं दुरुस्त करून पोट भरण्याचे दिवसही संपत आले होते. वाटणी त्यांनी एका सकाळी केली. मला आबांची बसायची खुर्ची, त्यांचं भिंग आणि हत्यारांचा सगळा डबा. मसुऱ्याच्याला मोठं घड्याळ. लोक म्हणाले, हत्यारांची किंमत जास्त आहे, तूच फायद्यात. मला माहीत होती किंमत. सगळ्या गोष्टींची किंमत मला लोकांआधी कळते. ते घड्याळ किमतीचं नव्हतं, म्हणूनच मला ते हवं होतं.

त्यानंतर मी जे उभं केलं ते कुणाच्या देण्यावर नाही. आधी टीव्ही केबल, मग कॅमेरे, मग नेटवर्कची कामं. देवगडच्या आंब्याच्या गोदामांत कॅमेरे माझे, तारकर्लीच्या निम्म्या निवासांत वायफाय माझं. मुंबईच्या घाऊक दुकानदारांना मी असा घासतो की ते मला बघून आधी पाणी मागवतात. शाळेत मी नववीपर्यंत गेलो. नेटवर्क मी वायर सोलत सोलत शिकलो.

आणि मसुऱ्याच्यानेही तेच दुकान टाकलं. माझ्या समोर, रस्त्यापलीकडे. तोही कॅमेरे, तोही नेटवर्क. माझ्यापेक्षा अर्धं काम, पण मोडलेलं घेऊन लोक त्याच्याकडे जातात आणि नवीन घ्यायला माझ्याकडे येतात. त्याच्या दुकानात दर्शनी भिंतीवर मोठं घड्याळ. माझ्या गल्ल्यावर बसलं की ते सरळ दिसतं. माझ्याकडे दरात घासाघीस करणारं गिऱ्हाईक मध्येच मान वळवून वेळ बघतं, तीसुद्धा त्याच्या घड्याळात. माझ्या डोक्यावर माझं घड्याळ टांगलेलं असतं, तरी. माझं मी कायम दोन मिनिटं पुढे ठेवतो. गिऱ्हाइकाला वाटतं उशीर झाला, आणि सौदा लवकर पटतो. ही माझी जुनी युक्ती आहे आणि तिची मला लाज नाही.

पण भांडणाला तोंड फुटलं ते ह्याच दोन मिनिटांवरून.

आमच्याकडे पर्यटकांना समुद्रात फिरवणाऱ्या बोटींची एक संस्था आहे. सकाळी सहाला जो बोटवाला आधी हजर, त्याला पहिलं गिऱ्हाईक, मग दुसऱ्याला, असा नंबर चालतो. पूर्वी वहीत नाव लिहायचे, त्यावरून मारामाऱ्या व्हायच्या. म्हणून संस्थेने अंगठा लावायची दोन मशीनं बसवली. एक मालवणच्या जेटीवर, एक तारकर्लीच्या किनाऱ्यावर. बोटवाल्याने जवळ पडेल तिथे अंगठा लावायचा, आणि दोन्हीकडच्या वेळा एकत्र होऊन एकच यादी तयार व्हायची. जेटीचं काम मी घेतलं, किनाऱ्याचं मसुऱ्याच्याने. जेटीवर मशीन ठेवायला मी भांडून जुन्या कचेरीची दगडी खोली मिळवली. त्याला किनाऱ्यावर पत्र्याची शेड मिळाली. ती त्याने तशीच घेतली. त्याला भांडता येत नाही.

मशीन बसवताना मी सवयीने वेळ माझ्या दुकानातल्या घड्याळावरून लावली. म्हणजे दोन मिनिटं पुढे. आता जेटीवरचा माणूस बरोबर सहाला अंगठा लावतो, यादीत पडतात सहा वाजून दोन मिनिटं. त्याच्यानंतर दीड मिनिटाने तारकर्लीला आलेला त्याच्या वर जातो. पंधरा दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. मग तांडेलाच्या लक्षात आलं. तांडेल म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. सगळी हयात बोटीवर गेलेला, उन्हाने कातळासारखा झालेला माणूस, आणि त्यांची स्वतःची बोट जेटीवरची. दोन आठवडे ते पहिले येऊन सातवे जात होते.

संस्थेच्या बैठकीत मी माझी चूक दोन वाक्यांत मान्य केली आणि तिसऱ्या वाक्यात मागणी केली की दोन्ही मशीनं माझ्याकडे द्या, म्हणजे घोळच नको. मागणी करायची वेळ हीच असते, समोरचा तुमच्यावर चिडलेला असताना. तो गाफील असतो.

मसुऱ्याचा शेवटच्या बाकावरून म्हणाला, वेळ हाताने लावायचीच कशाला. नेटवर वेळ देणारे मोठे संगणक असतात, त्यांची घड्याळं कधी चुकत नाहीत. जेटी किंवा किनारा, एका ठिकाणी एक लहान पेटी ठेवू, ती दर थोड्या वेळाने त्या मोठ्यांना वेळ विचारील आणि दोन्ही मशीनं त्या पेटीला विचारतील. दोन किनारे एकमेकांना जोडणाऱ्या गच्चीवरच्या डिशा आहेतच, त्यांना नेट लागत नाही. मला हे माहीत नव्हतं असं नाही. मला सुचलं नव्हतं, एवढंच. आणि ते त्याला सुचलं.

तांडेलांनी विचारलं, नेट गेलं तर? आमच्याकडे नेट जातं. वारा आला की जातं, कुणी रस्ता खणला की जातं, कधी काही न होताही दोन दोन दिवस जातं. मसुऱ्याचा म्हणाला, तेव्हा ती पेटी स्वतःच्या घड्याळावर चालेल आणि दोन्ही मशीनं तिचंच ऐकतील. निदान दोन्हीकडे एकच वेळ राहील.

मग पेटी कोणाची? जेटीवर माझ्या खोलीत, की किनाऱ्यावर त्याच्या शेडमध्ये? आता सगळ्या प्रकरणाचा हाच एक प्रश्न उरला. ज्याची पेटी त्याचं सगळं काम, आणि दुसऱ्याच्या मशीनने दिवसभर त्याच्या पेटीला विचारत राहायचं, किती वाजले, किती वाजले. मी सरळ सांगतो, मला कामापेक्षा ह्या दुसऱ्या गोष्टीची जास्त पडली होती. माझ्या मशीनने त्याला वेळ विचारायची? त्यापेक्षा मी जेटीवरून उडी मारली असती.

दोन तास भांडण चाललं. शेवटी तांडेल म्हणाले, घड्याळाचं भांडण आहे, तर आबांकडे जाऊ.

आबा आता बाजाराच्या मागे धाकट्या लेकाकडे असतात. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, जाड चष्म्यातून मोठी अक्षरं वाचतात. नेट म्हणजे काय हे त्यांना मसुऱ्याच्याने पाच मिनिटांत समजावलं. मी मध्ये दोनदा बोलायचा प्रयत्न केला. आबांनी हात वर करून मला थांबवलं, त्याला नाही. मग म्हणाले, दोघांनी आपापल्या जागी एकेक पेटी ठेवा, दोन्ही एकाच वेळी लावा, नेट काढून टाका, आणि आठ दिवस चालू द्या. कुणी हात लावायचा नाही. रोज सकाळी आठला किती पुढे किंवा मागे तो आकडा लिहायचा. आठ दिवसांनी चिठ्ठ्या घेऊन या.

आठ दिवसांची चिठ्ठी म्हटल्यावर मी मनात हसलो. ह्यात मी आधीच एकदा उतरलो होतो, आणि आठही दिवस शून्य आणलं होतं.

हे आठ दिवस दोन्ही मशीनं आपापल्या पेटीवर चालणार होती. नेटवरची वेळ बघायला मी मोबाइल घेऊन जायचो आणि पेटीच्या वेळेशी ताडून आकडा लिहायचो. आकडे संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज टाकायचे, असं तांडेलांनी ठरवलं होतं. पहिल्या दिवशी माझा तीन सेकंद पुढे. त्याचा एक पुढे. दुसऱ्या दिवशी माझा सहा, त्याचा एक मागे. तिसऱ्या दिवशी माझा नऊ, आणि त्याचा चार. ग्रुपवर कुणीतरी माझ्या आकड्याखाली पळणाऱ्या माणसाचं चित्र टाकलं. एकाने विचारलं, "ह्येका अडवा रे कोणतरी, मुंबयक पोचात." मी फोन गादीवर फेकला.

बायकोने तो उचलून बघितला. म्हणाली, "तेच्या घड्याळाचा तुमका कित्याक पडला? आपल्या घरात पाच घड्याळा आसत. एकाची वेळ दुसऱ्याशी जुळणा नाय. आमी जेवाचे रवलों काय?"

मी हिशोब केला. नऊचे बारा होणार, आठव्या दिवशी चोवीस. चोवीस सेकंदांची चिठ्ठी घेऊन मी आबांसमोर त्याच्या शेजारी उभा राहणार. ते काही माझ्याच्याने झालं नसतं.

चौथ्या दिवशी मी सहाच्या आधी जेटीवर गेलो. ठरवलं होतं, पेटी दहा सेकंद मागे घ्यायची. म्हणजे आठला आकडा दोन येईल, खरा वाटेल असा. शून्य केलं तर संशय येईल, एवढी अक्कल मला होती. पण मोसम जोरात होता आणि बोटवाले त्या दिवशी माझ्याही आधी आलेले. खोलीच्या खिडकीबाहेर रांग लागलेली. मी आत बसून पेटीला लॅपटॉप जोडेपर्यंत सहा वाजले आणि बाहेर अंगठे पडायला लागले. थांबायला हवं होतं. मी थांबणारा माणूस नाही. दहा सेकंद मागे घेतले आणि लॅपटॉप मिटला.

दहा सेकंद म्हणजे काय असतं हे बोटवाल्यांच्या रांगेत कळतं. दहा सेकंदांत चार अंगठे पडतात. तांडेल रांगेत दुसरे होते, अंगठा लावून बाजूला झाले, आणि त्यानंतर मी वेळ मागे नेली. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या तिघांचे अंगठे त्यांच्या आधीच्या वेळेवर पडले. यादी वेळेप्रमाणे लागते. भिंतीवरच्या पडद्यावर तांडेल दुसऱ्याचे पाचवे झाले, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

खोलीच्या दाराशी येऊन त्यांनी आवाज न चढवता विचारलं, "मी तेंच्या फुडे उभो होतंय. खाली कसो गेलंय रे?"

मी म्हणालो, मशीनचा दोष असेल, कधी कधी होतं.

"तुझ्या मशीनीत वेळ उलटी चालता," तांडेल म्हणाले. "उद्या हयसर अंगठो लावलंय तर कालची हजेरी लागात."

रांग हसली. मी तोंडाला येईल ते बोललो. तांडेलांना, रांगेला, आणि तिथे नसलेल्या मसुऱ्याच्याला. मग आठला आकडा लिहिला, दोन. दुसऱ्या दिवसापासून तांडेल रोज सकाळी खिडकीशी तंबाखू मळत उभे राहायचे, मी घरी जाईपर्यंत. पेटीला पुन्हा हात लावायची सोय राहिली नाही. पाच, आठ, अकरा, चौदा. मी लिहीत गेलो. मसुऱ्याच्याचे आकडे तीन, सात, पाच, सहा असे वरखाली होत आठव्या दिवशी दोनवर आले. माझे चौदा, त्याचे दोन. मी हरलो होतो, पण निदान चोवीसने नाही.

आबांच्या पडवीत आम्ही तिघे बसलो, तांडेल, मसुऱ्याचा आणि मी. आबांनी आधी त्याची चिठ्ठी चष्म्याजवळ धरून वाचली. मग माझी. माझी जास्त वेळ. बोटाने एकेका आकड्यावर टेकत गेले आणि ओठांनी काहीतरी वजा करत गेले.

मग म्हणाले, "तुझाच घड्याळ बरा आसा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मसुऱ्याच्याने मान हलवली, जणू त्याला माहीत होतं.

आबा तांडेलांना समजावू लागले. ह्याचं घड्याळ दिवसाला तीन सेकंद पुढे जातं. रोज तीन, ना अडीच ना साडेतीन. हे कळलं की झालं, तेवढं वजा करायचं, वर्षभर नेट नसलं तरी चालेल. त्याचं घड्याळ कधी पुढे, कधी मागे, आज दोनवर आहे म्हणून उद्या कुठे असेल ते सांगता येणार नाही. मसुऱ्याचा म्हणाला, पत्र्याची शेड दुपारी तापते, सकाळी गार होते, पेटीचं घड्याळ त्याबरोबर पळतं आणि रेंगाळतं. दगडी खोलीत उन्हाळा-हिवाळा सारखाच. आणि पेटीतली प्रणालीसुद्धा आबा करायचे तेच करते. फरक दिसला म्हणून काटा ढकलत नाही. नेट असेपर्यंत फरक बघत सेकंद किंचित लांब किंवा आखूड करते आणि हळूहळू जुळवते, म्हणजे वेळ कधी मागे जात नाही; नेट गेलं की घड्याळ पुन्हा आपल्या मूळ चालीवर. लंबकाखालची चाकी. हे तो माझ्याकडे बघून सांगत होता, चांगल्या मनाने. ते मला जास्त लागलं.

मी जिंकलो होतो. दगडी खोली मी भांडून घेतली होती, पेटी मी निवडली होती. मी बोलायला तोंड उघडलं.

"पण चौथ्या दिसाक हात लागलो," आबा म्हणाले. चिठ्ठी तशीच चष्म्याजवळ होती. "नऊचे बारा जावचे होते. दोन कशे झाले?"

तांडेल माझ्याकडे बघत होते. त्यांना त्या सकाळचं उत्तर मिळालं होतं.

मी म्हणालो, आबा, मी ते बरोबरच केलं. पुढे गेलेलं घड्याळ मागे घेतलं, ह्यात खोटं काय?

"माका जुळलेला घड्याळ नको होता, झिला. माका तेची चाल बघूची होती. तू हात लावलंस की चाल दिसणा नाय, तूच दिसतंस." चिठ्ठी खाली ठेवून म्हणाले, "मी देवगडाक गेल्लंय, तेवाय असाच. आठ शून्या."

इतक्या वर्षांत ते त्याबद्दल पहिल्यांदा बोलले. जे मी सगळ्यांना माझा पुरावा म्हणून सांगत आलो होतो, ते त्यांनीही जपून ठेवलं होतं, दुसऱ्या कारणासाठी. मी उठून अंगणात गेलो आणि तिथल्या माडाला लाथ मारली. पायाचं नख काळं पडलं, ते अजून पुरतं आलेलं नाही.

परत आलो तेव्हा निकाल लागला होता. पेटी माझ्या दगडी खोलीत राहणार, कारण घड्याळ तिथेच चांगलं चालतं. पण पासवर्ड मसुऱ्याच्याकडे. मी रोज आठला पेटीसमोर उभं राहून आकडा बघायचा आणि त्याला सांगायचा. बदल करायचा असेल तर तो करील. आबांच्या शब्दांत, "बघतलो एक, हात लावतलो दुसरो."

मी तासभर घासाघीस केली. पासवर्ड दोघांकडे ठेवा म्हटलं, नाही. एक महिना त्याच्याकडे, एक माझ्याकडे, नाही. सीलबंद पाकिटात तांडेलांकडे, नाही. शेवटी एवढंच मिळवलं की पेटीवर आणि दोन्ही मशीनवर स्टिकर माझ्या दुकानाचा राहील. ते मसुऱ्याच्याने लगेच कबूल केलं. इतक्या लगेच की मला वाटलं, आणखी काहीतरी मागायला हवं होतं.

म्हणजे आज तारकर्लीचं त्याचं मशीन दिवसभर माझ्या पेटीला वेळ विचारतं. मला हवं होतं ते झालं. आणि माझ्या पेटीला मीच हात लावू शकत नाही.

लोक म्हणतात, दोघांना अर्धं अर्धं मिळालं, आता विसर. मला तसं वाटत नाही. आबांचं म्हणणं मला आता समजतं, चाकीचं आणि चालीचं. पण समजलं म्हणून पटलं असं नाही. रोज काटा जागेवर आणणाऱ्या मुलाची धडपड त्यांना दिसली नाही का? त्याला पेटी उघडून दाखवता आली नसती का, की असं नव्हे रे, असं? ते गप्प राहिले आणि कप दुसऱ्यासमोर सरकवत राहिले. हे मी त्यांना त्या दिवशी विचारणार होतो. जाड चष्म्यामागे त्यांचे डोळे इतके मोठे आणि पाणावलेले दिसत होते की विचारलं नाही.

रोज सकाळी आठला मी जेटीवरच्या खोलीत असतो. पेटीच्या छोट्या पडद्यावर आकडा बघतो. नेट असलं की शून्याच्या आसपासच, सेकंदाचा हजारावा वगैरे भाग. नेट नसलं की मोबाइलच्या वेळेशी ताडून बघायचं. आठच्या ठोक्याला मसुऱ्याच्याचा फोन येतो. बोलणं एवढंच असतं.

"किती?"

मी सांगतो. तो "बरा" म्हणतो आणि ठेवतो. त्याच्या मागे मोठ्या घड्याळाचे टोल ऐकू येतात. माझ्या कानाला ते थोडे उशिरा वाटतात, तीन-चार सेकंद. त्याने चिठ्ठीवर लिहिले असतील.

गेल्या आठवड्यात नेट घेणाऱ्या डिशची दिशा वाऱ्याने फिरली आणि दोन दिवस नेट नव्हतं. दुसऱ्या सकाळी आकडा सहा होता. रोजचे तीन, दोन दिवसांचे सहा, जसे यायला हवेत तसे. फोन आला.

"किती?"

मला काय झालं ठाऊक नाही. मी म्हणालो, "चार."

त्याच्याकडे नेट नव्हतं, पडदा नव्हता, बघायला काहीच नव्हतं. त्याच्या घड्याळाचे टोल पडत होते. आठही पडून झाले तरी तो फोन धरून होता.

मग म्हणाला, "परत बघ रे."

मी परत बघितलं.

"सहा," मी म्हणालो.

"बरा," तो म्हणाला, आणि ठेवला.